गेटपाशी मांडलेला संसार

नवीन घर घेतलं म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. केवढं आहे, आणि केवढ्यात पडलं. त्यात राहणार कोण, हे मला कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चाचरलो असतो. राहणार आम्ही दोघं, नवरा आणि बायको. पण तेव्हा आम्ही दोन वेगळ्या जिल्ह्यांत राहत होतो, आणि लग्न झाल्यापासून तसेच राहत आलो होतो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची शाळा वडशाच्या पुढच्या एका गावात होती. नागपूरहून एसटीनं तिथं पोचेपर्यंत अर्धा दिवस मोडायचा. मी नागपुरात, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. म्हणजे कुठला पार्ट कुठल्या रॅकवर आहे हे डोळे मिटून सांगायचं, आणि ज्यानं तो जागेवर ठेवला नाही त्याच्यावर ओरडायचं. ओरडायचं काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. लग्न ठरलं तेव्हा तिची नोकरी तिकडे लागलेली होती आणि माझी इकडे. सरकारी नोकरी कोणी सोडत नाही आणि आमच्या वस्तीत तर सोडायचं नावही कोणी काढत नाही. दोन-तीन वर्षांत बदली होऊन जाईल, असं सगळे म्हणाले. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणायची सोय नियमात आहे, तो नियम मला तोंडपाठ आहे. पण दर वर्षी कुठं ना कुठं घोडं अडायचं. कधी इकडे जागा रिकामी नसायची, कधी तिकडून सोडायला तयार नसायचे, कधी त्या वर्षी बदल्याच व्हायच्या नाहीत. असं करता करता आमचे केस पिकले.

मूल झालं नाही. दोघांनी दवाखाने केले, तपासण्या केल्या, मग एक दिवस थांबलो. त्यावरही लोकांकडे उत्तर तयार होतंच. "आठवड्यातून एक दिवस भेटून कसं होईन गा?" असं माझी एक मावशी भर पंगतीत म्हणाली होती. मी हसून घेतलं. बायको हसली नाही, आणि पुढं कधी त्या मावशीकडे गेलीही नाही.

जरीपटक्याच्या मागे आमच्या वस्तीत आमचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर एक. आई, भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि मी. कोणीतरी पाहुणं नेहमी असायचंच, आणि बायकोला दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की तर जास्तच. बायको शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीत बसायची आणि संध्याकाळी उतरायची. आल्या आल्या ती स्वयंपाकघरात वहिनीच्या हाताखाली, मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर. रविवारी सकाळी कपडे, दुपारी कोणाकडे तरी नामकरण नाहीतर वाढदिवस, आणि संध्याकाळी मी तिला स्कूटरवर गणेशपेठच्या स्टँडवर सोडायचो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. ती मागून काहीतरी बोलायची, मी "हौ, हौ" म्हणायचो. ऐकू काही यायचं नाही.

म्हणून आमचं खरं बोलणं फोनवर व्हायचं. घरात बोलावं तर भिंतींना नाही, सगळ्या घरालाच कान. त्यामुळे ड्यूटी सुटली की मी कंपनीच्या गेटबाहेर यायचो, टपरीसमोर स्कूटर लावायचो आणि तिला फोन करायचो. ती तिकडे भाड्याच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची. "सुटले का?" हा तिचा पहिला प्रश्न, रोजचा. मग हेडमास्तरांच्या कागाळ्या, माझ्या सुपरवायझरच्या नकला, भांडणं, रुसवे, सगळं तिथं. माझे वडील गेले तेव्हा मी पहिल्यांदा रडलो तो त्या गेटपाशी, फोनवर. दवाखाने थांबवायचं आम्ही ठरवलं तेही तिथंच. टपरीवाला चहा हातात द्यायचा आणि लांब जाऊन बसायचा. तो शहाणा माणूस होता. लोक घरात संसार मांडतात, आमचा त्या गेटपाशी मांडलेला होता.

घर घ्यायची कल्पना तिची. एका संध्याकाळी इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अवो, आपण घर घेऊन टाकू."

"अन् राहीन कोण वं त्यात? भूत?"

"घर असलं ना, मंग मले यावंच लागेल. बदली होईन नाहीतर न होवो. दोन वर्षं पायते, नाहीतर राजीनामा देऊन येते."

राजीनाम्याचा शब्द तिनं पहिल्यांदाच काढला होता. घरी जाताना मेट्रोच्या खांबांखालून स्कूटर चालवत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसता एक ओटा होता. ओट्याशी ती उभी आहे, वहिनी नाही, आई नाही, पाहुणे नाहीत, आणि मी दारात उभा राहून तिच्याशी बोलतो आहे. एवढंच मला हवं होतं. लोकांना ते फुकटात मिळतं.

तिला रविवारच मोकळा, त्यामुळे आम्ही फक्त रविवारी घरं पाहिली. तो हिवाळा होता. पोटावर झोळीतली संत्री सांभाळत ती स्कूटरवर मागे बसायची आणि आम्ही बेसा, पिपळा, जामठा असे फिरायचो. सॅम्पल फ्लॅट नावाच्या प्रकारावर माझा फार राग आहे. तिथल्या पलंगावर कोणी झोपत नाही, तिथल्या फळांच्या टोपलीतली सफरचंदं प्लास्टिकची असतात, आणि दाखवणारा पोरगा "सर, इमॅजिन करा" म्हणतो. मी म्हटलं, बाबा, मी लग्न झाल्यापासून इमॅजिनच करून राहिलो, आता काही खरं दाखव. बायकोनं मला चिमटा काढला.

बेस्याच्या पुढं एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला. तयार होता, रिकामा होता. मी खिशातून टेप काढला आणि सगळं मोजलं. पलंग कुठं बसेल, फ्रिज कुठं, कपाटाचं दार पूर्ण उघडेल की नाही. पौषातलं ऊन गॅलरीत आलं होतं. आम्ही तिथं नुसत्या फरशीवर बसून संत्री सोलली. ती म्हणाली, "किती थंडगार घर आहे." आम्ही दोघंही खुश झालो. नागपूरच्या माणसानं थंडीत घर पाहून ते थंडगार आहे म्हणावं, याच्याइतका मूर्खपणा नाही. पण तो पुढं कळायचा होता.

गृहप्रवेशही अर्थात रविवारीच झाला. वस्तीतून दोन गाड्या भरून माणसं आली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. खालच्या वॉचमनला वाटलं बिल्डिंगमध्ये कोणी गेलं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, परित्राण पाठ झाला, मनगटांना पांढरं सूत बांधलं. मग खीर, पोळ्या, वांग्याची भाजी. बायकांनी घरातला प्रत्येक नळ सोडून पाहिला आणि बंद केला. आई गॅलरीत जाऊन खाली बघून आली आणि म्हणाली, "इतक्या उंचावर रायते का कोणी? खाली कोणी आवाज देईन तर आयकूबी नाही येणार." बायको दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जात होती. तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी वस्तीची माणसं गेली आणि मी तिला स्टँडवर सोडलं. परत आलो, कुलूप उघडलं, दिवा लावला. खिरीचा वास होता, चपला काढून ठेवायच्या जागी धुळीचे ठसे होते. मी झाडू घेतला आणि सगळं घर झाडलं. झाडून झाल्यावर करायला काही उरलं नाही. लहानपणापासून मी कधीच एकटा झोपलो नव्हतो, कोणी ना कोणी शेजारी घोरत असायचंच. त्या दिवशी मला भीती वाटली असं म्हणणार नाही, पण दिवा रात्रभर चालूच ठेवला. जगात आपल्याला कोणी नाही असं वाटलं.

भावाच्या घरी परत जाता आलं असतं. गेलो नाही. लाज वाटली.

मग घर लावणं सुरू झालं, फोनवरून. पहिल्या दिवशी मी हौसेनं घरून फोन लावला. रिकाम्या हॉलमध्ये माझा आवाज घुमायला लागला. ती म्हणाली, "अवो, तुमी बाथरूममधून बोलून राहिले का?" मला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गेटबाहेरूनच फोन करू लागलो. ती तिकडून सांगायची, मी ऐकायचो आणि घरी जाऊन करायचो. मीठ-तिखटाचे डबे शेगडीच्या उजव्या हाताला. पोळपाट सिंकच्या वर. चादरी खालच्या खणात. मी स्टोअरचा माणूस, एकदा जागा सांगितली की वस्तू तिथून हलायची नाही.

आणि इथं माझ्या हातून ती चूक झाली, जी स्टोअरवालाच करू शकतो. मी काहीच वापरलं नाही. नवीन माल आला की आम्ही तो पावती झाल्याशिवाय सोडत नाही, तसं मी त्या घराचं केलं. नवीन कपांचा सेट काचेमागे ठेवला आणि मी स्टीलच्या पेल्यात चहा प्यायलो. बेडरूमच्या गादीवरचं प्लास्टिक तसंच ठेवून मी हॉलमध्ये सतरंजीवर झोपलो. एक कढई, एक ताट, एक वाटी. बाकी सगळं ती येईल तेव्हा. ती आली की आपण दोघं मिळून वापरू, असं माझ्या मनात होतं, आणि यात काही वावगं आहे असं मला जराही वाटलं नाही.

शनिवारी ती यायची तेव्हा मी सगळं बाहेर काढायचो. गादीवरचं प्लास्टिक काढायचो, नवी चादर घालायचो, काचेमागचे कप धुवून ठेवायचो. सुरुवातीला ती आल्याबरोबर पदर खोचायची आणि डब्यांच्या जागा बदलायची. "हे काहून इतक्या वर ठेवलं?" "तूच सांगतलं होतं." "फोनवर सांगतलं, ओटा का पायला होता म्या?" आमचं गमतीत वाजायचं. रविवारी ती गेली की मी तिनं ठेवलेल्या जागा पाठ करायचो. हळूहळू तिनं बदलणं सोडून दिलं. एका रविवारी तर तिनं काहीच हलवलं नाही. मला वाटलं, चला, जमलं आपल्याला एकदाचं.

बिल्डिंगमध्ये माझ्याबद्दल काय समज होता हे मला समोरच्या काकूंकडून कळलं. त्या एकदा वाटीत आलू-मेथीची भाजी घेऊन आल्या. दारातूनच आत डोकावल्या, हॉलमधली सतरंजी पाहिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मिसेसला जाऊन किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "रविवारीच गेली."

काकूंनी वाटी खाली ठेवून हात जोडले. मग मला सगळा खुलासा करावा लागला. त्यांनी तो ऐकला, पण पटला आहे असं वाटलं नाही. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये भेटल्या की माझ्याकडे जरा जास्तच मायेनं बघायच्या. चीड यायची. भाजी मात्र चांगली असायची.

मग उन्हाळा लागला आणि आमचा हिवाळ्यातला शहाणपणा उघडा पडला. मी पलंग मोजला होता, फ्रिज मोजला होता, कपाटाचं दार मोजलं होतं, आणि कूलर कुठं बसणार हे पाहिलंच नव्हतं. नागपुरात जन्म गेलेला माणूस! खिडक्या सरकत्या काचांच्या, बाहेरून ग्रिल भिंतीला चिकटलेली. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, बाहेर कूलर लावायला परवानगी नाही, खालच्या लोकांच्या गॅलरीत पाणी पडतं. मी वस्तीतून आणलेला जुना लोखंडी कूलर हॉलच्या मधोमध ठेवून पाहिला. घरभर दमट झालं, भिंती चिकट झाल्या आणि गरम तसंच. गेटपाशी त्या दिवशी मी फोनवर कडाडलो.

"तुले एक साधी गोष्ट सुचली नाही?"

"मले? नागपूरचे तुमी का मी?"

"तुया माहेरी, भंडाऱ्यात, कूलर नसते का वं?"

"असते ना. पण भंडाऱ्यात टेप घेऊन कोणी मोजत नाही सगळं. मोजलं तुमी."

दोन संध्याकाळी हे भांडण चाललं. तिची मे महिन्याची सुट्टीही त्या वर्षी तिकडेच सर्वेच्या ड्यूटीत गेली. खरं सांगायचं तर त्या सगळ्या उन्हाळ्यात मला तेवढंच एक सुख मिळालं. शेवटी बेडरूममध्ये एसी लावला आणि मी सतरंजी उचलून आत गेलो. दार बंद, खिडकी बंद, पडदा बंद. कूलरची घरघर नाही, शेजारच्या अंगणातलं बोलणं नाही, पाणी भरताना पाइपवरून होणारी बायकांची तू-तू मैं-मैं नाही. गार झोप लागायची आणि उठल्यावर कळायचं नाही की आपण कुठं आहोत.

बदलीची बातमी आली तेव्हा मी स्टोअरमध्ये होतो. दुपारी तिचा फोन कधी यायचा नाही, त्यामुळे मी हातातलं खोकं खाली टाकून तो उचलला.

"झाली," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बदली झाली अवो. कामठीच्या बाजूला शाळा भेटली."

मी खोक्यावर बसलो. ती पलीकडे रडत होती, हसतही होती. "बरं, ये मग," असं काहीतरी मी म्हणालो. लग्न झाल्यापासूनचा सगळा जन्म गेला या एका वाक्याची वाट पाहण्यात, आणि ते आल्यावर मी पाहुण्याला म्हणावं तसं "ये" म्हणालो. आजूबाजूची पोरं विचारायला लागली, काय झालं साहेब. मी त्यांच्यावर ओरडलो, कामं करा म्हणालो, आणि मग सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले.

ती सामान घेऊन आली. एक छोटा टेम्पो. मी आणि ड्रायव्हरनं मिळून सामान वर चढवलं. दोन बर्नरची शेगडी, तवा, बादली, मच्छरदाणी. एक ताट, एक वाटी, एक कढई. मी ते ताट माझ्या ताटाशेजारी मांडणीत ठेवलं. किती तरी वर्षं ती तिकडे कशी राहत असेल याचा विचार मी केला होता, पण डोळे उघडून नीट कधी पाहिलं नव्हतं. तिच्या खोलीवर मी मोजून चार-दोन वेळा गेलो असेन, तेही कंपनीत कोणी आजारी असल्याचं निमित्त सांगून. माझ्यासारखीच राहत होती ती. घरात आता सगळं दोन-दोन झालं, आणि त्यातलं काहीच जोडीचं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी फार आनंदात होतो. दुसऱ्या आठवड्यात काय होतंय ते लक्षात यायला लागलं.

ती पहाटेच उठायची, कारण तिकडे नळ पहाटे यायचा. मी उठायचो तेव्हा तिचा चहा होऊन गेलेला असायचा. संध्याकाळी सात वाजता तिला जेवायची सवय, मला नऊला. तिनं माझ्यासाठी थांबून पाहिलं, तिचं डोकं दुखायला लागलं. मी तिच्यासाठी लवकर जेवून पाहिलं, मला घास गिळेना. मग आपापल्या वेळी जेवायला लागलो. काचेमागचे कप मी पहिल्याच दिवशी बाहेर काढून ठेवले होते. एका सकाळी मी दाढी करत होतो, ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "यातला कोणता कप घेऊ?"

"कोणताही घे ना. विचारून काय राहिली?"

"नाही, म्हटलं, तुमचं सगळं नीट लावलेलं आहे. बिघडायचं."

तुमचं. मी आरशात बघत राहिलो. तेव्हा मला त्या रविवारचा अर्थ कळला, ज्या रविवारी तिनं डबे हलवले नव्हते. मी तिच्यासाठी घर राखून ठेवत होतो आणि ती दर शनिवारी एका पाहुणचार करणाऱ्या माणसाकडे येत होती. हे तिला सांगावं असं फार वाटलं. पण तोंडासमोर ती उभी होती, हातात कप होता. "घे तो निळा," एवढंच म्हणालो.

हाच तर सगळा घोळ होता. तोंडासमोर आम्हाला बोलता येईना. संध्याकाळी मी घरी यायचो, हातपाय धुवायचो, आम्ही हॉलमध्ये बसायचो. ती म्हणायची, "मंग?" मी म्हणायचो, "काही नाही. तू सांग." ती म्हणायची, "काही नाही." मग टीव्ही. मी काही सांगायला लागलो की तिचा चेहरा दिसायचा. तो थकलेला असायचा, कधी जांभई यायची, कधी नजर सिंककडे जायची, आणि माझी गोष्ट मध्येच आटायची. फोनवर ती कशी ऐकते आहे हे मला दिसायचं नाही, म्हणून मी रंगून बोलायचो. तिचंही तसंच होत असणार. मी बोलताना कपाळाला आठ्या घालतो हे तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. "रागावले का?" ती विचारायची. मी रागावलेला नसायचो, पण असं विचारल्यावर रागवायचो.

ती घरात होती आणि मला तिची आठवण येत होती. हे कोणाला सांगायची सोय नाही. भावाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, तुमाले काहीच पुरत नाही. सगळे अभिनंदन करत होते, "आता मजा आहे बाबा तुमची" म्हणत होते. रिकाम्या घरात एकटं वाटतं ते लोकांना समजतं, काकूंनी तर भाजीच आणली होती. भरलेल्या घरातल्या एकटेपणासाठी कोणी वाटी घेऊन येत नाही.

अशाच एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून सुटलो आणि गेटबाहेर आलो. टपरीसमोर स्कूटर लावली. हात सवयीनं खिशात गेला आणि मी फोन लावला. लावल्यावर लक्षात आलं की हिला तर आता घरी जाऊनच भेटायचं आहे. ठेवणार, तेवढ्यात तिनं उचलला.

"सुटले का?" तिनं विचारलं. अगदी तसंच.

मी म्हटलं, "हौ."

"मंग आयका ना, आज काय झालं शाळेत," आणि ती सुरूच झाली. नव्या शाळेतल्या मोठ्या मॅडम, त्यांची पर्स कशी खुर्चीवर बसते आणि मॅडम स्टुलावर, पोरांनी खिचडीत काय शोधून काढलं. मी हसून हसून टपरीच्या खांबाला धरलं. मी तिला सुपरवायझरची नक्कल करून दाखवली. तिचं ते नाकातून हसणं मला ऐकू आलं, जे मी घरी महिनाभर ऐकलं नव्हतं. टपरीवाल्यानं दिवा लावला तरी आम्ही बोलतच होतो. फोन ठेवून मी जवळजवळ शीळ घालत घरी गेलो. दार तिनंच उघडलं.

"आले?"

"आलो."

"जेवता का?"

"थांबू थोडा."

आणि ती आत गेली. मी चपला काढल्या. फोनवर एवढं बोलणारी बाई हीच का, असं मनात आलं. तिच्याही मनात तेच आलं असेल.

त्यानंतर ते रोजचंच झालं. गेटपाशी मी फोन करायचो, ती उचलायची, आणि दोघंही असं दाखवायचो की यात काही विशेष नाही. "येताना कोथिंबीर आणजा" एवढं सांगायला फोन असल्यासारखी ती सुरुवात करायची आणि मग आम्ही रंगायचो. घरी मी उशिरा पोचायला लागलो. उशीर का झाला हे तिनं कधी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही की घरी माणूस यायची वेळ असताना ती इतकी निवांत कशी बोलते.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. गेटसमोरचा रस्ता खोदायला घेतला होता, मशीनचा धडधडाट चालला होता, आणि टपरीही हटवली होती. तिथं उभं राहून बोलणं शक्य नव्हतं. मी सरळ निघालो आणि बिल्डिंगपर्यंत आलो. पार्किंगमध्ये स्कूटर लावली. वर जायच्या ऐवजी मी तिथंच थांबलो, आणि मला कळेपर्यंत मी फोन लावलाही होता.

"सुटले का?"

"हौ, सुटलो," मी म्हटलं. माझ्याच घराखाली उभा राहून.

मी तिला सांगत होतो की स्टोअरमध्ये आज ऑडिटवाले आले होते आणि त्यांच्यातला एक रॅकच्या मागे अडकला. सांगता सांगता फेऱ्या मारत मी पार्किंगच्या छताखालून बाहेर मोकळ्या जागेत आलो. अंधार पडायला लागला होता. सहज वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत ती कठड्याला टेकून उभी होती. कानाला फोन. ती सरळ माझ्याकडेच पाहत होती.

माझं वाक्य तिथंच थांबलं. हात वर केला असता, हसलो असतो, "थांब, आलोच" म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. लिफ्टनं वर जायला कितीसा वेळ लागतो. पण वर गेलो की काय होणार हे मला ठाऊक होतं, आणि तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं की तिलाही ठाऊक आहे.

"कुठीसा आले?" तिनं विचारलं. आवाज फोनमधून आला. वरून नाही आला.

मी तिच्याकडे बघत म्हणालो, "येऊनच राहिलो. अजून वेळ लागेल थोडा."

मग तिनं मागची प्लास्टिकची खुर्ची ओढून कठड्याजवळ घेतली आणि बसली.

"लागू द्या," ती म्हणाली. "मंग तो रॅकच्या मागे अडकला, पुढं काय झालं?"

मी स्कूटरपाशी परत गेलो, सीटला टेकलो आणि पुढचं सांगायला लागलो.